घोड्याची पानथरी आणि खिलारीचा दम

पुसेगावला सेवागिरी महाराजांच्या यात्रेत किंवा आटपाडी तालुक्यात खरसुंडीला सिद्धनाथाच्या यात्रेत जनावरांच्या बाजारात जाऊन जाणत्या माणसाला खोंड पारखताना एकदा तरी पाहावे. तो घाईने जवळ जात नाही. मालकाला जनावर चालवायला सांगतो आणि स्वतः लांब उभा राहतो. मागचा पाय कुठे पडतो ते बघतो. मग जवळ येऊन ओठ उचलतो. दुधाचे दात असले तर आदत, दोन कायमचे आले असले तर दुसा, चार असले तर चौसा. खूर बघतो, वशिंडावर हात ठेवतो, कातडी चिमटीत धरून सोडतो. आणि हे सगळे मनासारखे जमले, की शेवटी अंगावरचे भोवरे शोधतो. भोवरा भलत्या ठिकाणी निघाला, की दोन तास चाललेला सौदा दोन मिनिटांत मोडतो. घोड्याचेही तेच. गळ्यावर देवमण असलेला घोडा घराला बरकत आणतो, असे मानणारी माणसे आजही आहेत आणि त्यांतली काही चांगली शिकलेली आहेत.

भोवऱ्याचा आणि पळण्याचा काही संबंध नाही, हे सांगायला पशुवैद्य लागत नाही. पण बाकीच्या परीक्षेला मी हसणार नाही. माण-खटावच्या बाजूला बँकेच्या शाखेत होतो तेव्हा बैलजोडीच्या कर्जप्रकरणात पशुवैद्यकीय दाखला, विम्याचा कानातला बिल्ला अशी सगळी कागदपत्रे आमच्याकडे असत. तरी जोडी प्रत्यक्ष बघायला जाताना आम्ही गावातला एखादा म्हातारा बरोबर घेत असू. दाखल्यावर ‘जनावर निरोगी आहे’ एवढेच असे. म्हातारा सांगे, “डावा बैल लई लवकर धापा टाकतोय, सायेब.” कर्ज डाव्या बैलावरही द्यायचे असल्यामुळे ही माहिती आम्हांला महत्त्वाची वाटे.

आता या पारखीत एका नव्या गोष्टीची भर पडू पाहते आहे. शर्यतीच्या नादातल्या तीन-चार तरुणांनी मला वेगवेगळ्या वेळी एकच प्रश्न विचारला : “पुण्या-मुंबईला रेसच्या घोड्याचं रक्त तपासत्यात म्हणं. मग आपल्या बैलाचं तपासलं, तर किती पळंल ते कळंल का?” मी डॉक्टर नव्हे. पण निवृत्त बँकवाल्याला सगळे काही कळते असा आमच्याकडे समज आहे, आणि तो दूर करण्याची मलाही फारशी घाई नाही. शिवाय प्रश्न भाबडा नाही. चांगल्या खिलार खोंडाची किंमत आज लाखांत बोलली जाते. मैदानावर बक्षीस म्हणून ट्रॅक्टर आणि चारचाकी गाड्या उभ्या असतात. त्या बक्षिसामागे कुणाचे उसाचे बिल असते, कुणाचे सोसायटीचे कर्ज, कुणाच्या बायकोच्या पाटल्या. नळीभर रक्तातून पुढचे कळत असेल, तर ते कुणाला नको आहे?

उत्तराची सुरुवात घोड्यापासून करावी लागते, कारण या बाबतीत माणसाने सर्वांत जास्त कष्ट घोड्यावर घेतले आहेत. (घोड्याच्या रक्ताचे आपल्यावर उपकारही मोठे आहेत. सर्पदंशावरचे औषध घोड्याच्याच रक्तातून तयार होते. आणि पुण्याची सीरम इन्स्टिट्यूट १९६६ साली उभी राहिली ती रेसचे घोडे पैदा करणाऱ्या पूनावाला कुटुंबाकडून.) स्वीडनमध्ये दुडक्या चालीच्या घोड्यांच्या शर्यती होतात. घोडा दोन चाकांची हलकी गाडी ओढतो, गाडीवर एक माणूस. आपल्या छकड्याचा गोरा भाऊच म्हणा ना. या घोड्यांवर सुने पर्सन नावाच्या पशुवैद्याने वर्षानुवर्षे काम केले आणि घोड्याच्या अंगातले एकूण रक्त व त्याची काम करण्याची ताकद यांच्या नात्यावर १९६७ साली प्रबंध प्रसिद्ध केला. एकूण रक्त, हा शब्द महत्त्वाचा. नळीत आलेले रक्त आणि अंगातले एकूण रक्त यांत घोड्याच्या बाबतीत फार मोठा फरक पडतो, आणि तो पाडणारा अवयव म्हणजे पानथरी.

वैद्य तिला प्लीहा म्हणतात. घोडा ठाणावर शांत उभा असतो तेव्हा त्याच्या रक्तातला साधारण ३५ ते ४० टक्के भाग तांबड्या पेशींचा असतो. तोच घोडा शर्यत पळून आला, की हा आकडा ६० ते ६५ टक्क्यांपर्यंत चढलेला असतो. दोन मिनिटांत काही नवे रक्त तयार होत नाही. ते येते पानथरीतून. तांबड्या पेशींचा मोठा साठा, तिसरा हिस्सा किंवा त्याहूनही अधिक, घोडा या तिजोरीत राखून ठेवतो, आणि पळायची वेळ आली की पानथरी आवळून सगळा नसांमध्ये सोडतो. त्याबरोबर प्राणवायू वाहून नेण्याची रक्ताची ताकद वाढते. विश्रांतीत मिनिटाला ३० ते ४० वेळा पडणारे हृदय २२० च्या वर जाते. आपल्याला, म्हणजे माणसाला, पानथरीची ही सोय अगदीच नावापुरती मिळाली आहे.

पण पानथरीला पळणे आणि घाबरणे यांतला फरक कळत नाही. अनोळखी माणूस सुई घेऊन आला, घोडा बिचकला, की ती तिथेच आवळते आणि नळीत दाट रक्त येते. कागदावर आकडा झकास. मालक खूश. वास्तविक त्या आकड्याने एवढेच सिद्ध होते, की घोडा सुईला घाबरला. बँकेत ज्यांनी आयुष्य काढले त्यांना हा प्रकार चांगला परिचयाचा आहे. ३१ मार्चला शाखेच्या ठेवी फुगतात. ओळखीच्या व्यापाऱ्याला, कारखान्याला फोन जातात, चार दिवसांसाठी रकमा येतात आणि एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात निघून जातात. ताळेबंद खोटा नसतो. त्या दिवशी पैसे खरोखरच तिथे असतात. पण त्यावरून शाखेची तब्येत ठरवणारा अधिकारी फार दिवस अधिकारी राहत नाही.

म्हणूनच घोड्यांचे चांगले पशुवैद्य रक्त काढण्याची वेळ ठरवून घेतात. सकाळी, मेहनतीच्या आधी, ओळखीच्या मोतद्दाराने धरलेल्या शांत घोड्याचे. आणि एका नमुन्यावर ते बोलत नाहीत. त्याच घोड्याचे मागच्या महिन्याचे, त्याच्या आधीचे आकडे काढून बघतात. आम्ही कर्ज देताना एका दिवसाची शिल्लक पाहत नसू, वर्षभराचा खातेउतारा मागवत असू, त्यातलाच हा प्रकार आहे.

बरे, रक्त जितके दाट तितका वेग जास्त, असेही नाही. पर्सन यांना असे घोडे सापडले, की ज्यांच्या अंगात तांबड्या पेशी प्रमाणाबाहेर वाढल्या होत्या आणि तरी ते पळत नव्हते. मेहनत अति होऊन खचलेले घोडे होते ते. ही गोष्ट मला सगळ्यांत बोलकी वाटते. नुसता आकडा पाहणाऱ्याने या घोड्यांना पहिला नंबर दिला असता.

मग रक्तातून कळते तरी काय? पुष्कळ कळते. जनावर का पळत नाही, हे बऱ्याचदा कळते. किती पळेल, हे कळत नाही. पांढऱ्या पेशी वाढल्या असतील तर कुठेतरी जंतुसंसर्ग दबा धरून आहे. अंगातले पाणी कमी झाले असेल तर ते दिसते. स्नायू दुखावले की त्यांच्यातली काही द्रव्ये रक्तात उतरतात, त्यांचा आकडा चढतो. जुन्या काळी युरोपात याला ‘सोमवारचा आजार’ म्हणत. ओढीच्या घोड्याला रविवारी सुटी आणि खुराक मात्र पूर्ण. सोमवारी गाडीला जुंपला, की पुठ्ठे लाकडासारखे कडक होत आणि लघवी कॉफीच्या रंगाची होई. रविवारी सकाळी ही पुरवणी हातात घेऊन दुसऱ्यांदा पोहे मागवणाऱ्यांनी हा मजकूर मनावर घ्यायचे कारण नाही.

आपल्या बैलाच्या बाबतीत सर्वांत उपयोगी तपासणी तर सर्वांत साधी आहे. काचपट्टीवर रक्ताचा एक थेंब पसरायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा. गोचिडांमुळे होणारे थायलेरिया, बबेसियासारखे आजार तांबड्या पेशींवरच घाला घालतात. असा बैल आतून पांढरा पडत जातो. वरून झूल, शिंगांना रंग, गळ्यात घुंगरमाळ. पळायला लागला की अर्ध्या वाटेत दम तुटतो. मालक गाडीवानाला शिव्या देतो, गाडीवान बैलाला. अंडी, दूध, खारीक, उडदाचे पीठ असा खुराक वाढवला जातो. एका काचपट्टीने जे उघड झाले असते त्यावर महिनाभर खर्च होतो.

आता घोडा आणि बैल यांच्या तुलनेकडे येतो, कारण ती आपल्याकडे नुसती पुस्तकातली नाही. एका जुवाला एका बाजूला घोडा आणि दुसऱ्या बाजूला बैल जुंपून गाडी पळवण्याची हौस सांगली-कोल्हापूरच्या बाजूला जुनी आहे. पाहणाऱ्याला मौज वाटते. पण त्या जुवाखाली काय चाललेले असते, ते शास्त्रज्ञांनी मोजलेले आहे. अमेरिकेत रेसचे घोडे आणि त्याच वजनाचे बैल यांना फिरत्या पट्ट्यावर पळवून त्यांचा प्राणवायू मोजला गेला. निष्कर्ष १९८९ साली प्रसिद्ध झाले. पुरा जोर लावल्यावर घोडा बैलाच्या अडीचपटीहून अधिक प्राणवायू वापरत होता. वजन तेच, पण घोड्याचे हृदय मोठे आणि पानथरीमुळे रक्त दाट. म्हणजे एकाच जुवाला एका बाजूला अडीच माणसांची कमाई आणि दुसऱ्या बाजूला एकाची, पण हप्ता दोघांना सारखा. ते बैल खिलार नव्हते, हे खरे. माणदेशाच्या माळावर पिढ्यान्‌पिढ्या चालण्या-पळण्यासाठी निवडलेली सडपातळ, तिखट खिलार जात परदेशी गुबगुबीत बैलांहून सरस असणारच. तरी बैल म्हणजे घोडा नव्हे. चार कप्प्यांचे पोट आणि त्यातला चारा वाहत त्याला पळायचे असते.

हाच मुद्दा थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. ७ मे २०१४ च्या निकालात न्यायालयाने बैलाची शरीररचना शर्यतीसाठी नाही, असे म्हणून शर्यती बंद केल्या. महाराष्ट्राने २०१७ मध्ये कायदा दुरुस्त केला. मुंबई उच्च न्यायालयाने त्याच वर्षी पुन्हा अटकाव केला. मधल्या काळात शर्यती थांबल्या असे कुणी समजू नये. पहाटेच्या अंधारात माळावर त्या होतच राहिल्या, आणि ऑगस्ट २०२१ मध्ये आटपाडी तालुक्यात तर बंदी उघड मोडून झाली. १६ डिसेंबर २०२१ ला सर्वोच्च न्यायालयाने अटींवर परवानगी दिली आणि १८ मे २०२३ ला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने राज्यांचे दुरुस्त कायदे वैध ठरवले. त्यामुळे शर्यत असावी की नसावी हा वाद कायद्यापुरता आज मिटलेला आहे. माझे स्वतःचे मत विचाराल, तर मला चोरून झालेल्या शर्यतीपेक्षा उजेडात झालेली बरी वाटते. एका अटीवर : उजेड खरा असला पाहिजे.

नियमांत धाव हजार मीटरच्या आत ठेवली आहे आणि पशुवैद्याचा दाखला सांगितला आहे. पण दाखला धावण्याआधीचा असतो. सातारा-सांगलीच्या मैदानावर तोच बैल सकाळी गटात पळतो, गट जिंकला की दुपारी सेमीला आणि संध्याकाळी फायनलला. प्रत्येक धाव थोडक्या सेकंदांची, पण जिवाच्या आकांताची. अशा धावेत प्राणवायू पुरत नाही, स्नायू उधारीवर काम करतात आणि त्या उधारीची पावती म्हणजे रक्तातले लॅक्टेट. रेसच्या घोड्यात विश्रांतीला ते लिटरमागे एक मिलिमोलच्या आसपास असते, शर्यतीनंतर वीस-पंचवीसच्याही पुढे जाते. जनावर जागेवर बांधून ठेवण्यापेक्षा हळूहळू हिंडवले, की ते लवकर उतरते. आपले जुने लोक पळून आलेला बैल हिंडवायचे ते याचसाठी, नाव ठाऊक नसताना. सकाळची उधारी फिटली की नाही ते न बघता दुपारी बैल पुन्हा जुंपणे म्हणजे थकबाकीदाराला दुसरे कर्ज देणे आहे. ते कसे बुडते हे मी पाहिलेले आहे. इथे मात्र बुडते ते जनावर.

आणि सुईची दुसरी बाजू. रक्त काढणारी सुई अजून मैदानावर आली नाही, पण रक्तात काहीतरी घालणाऱ्या सुईविषयी दबक्या आवाजात बोलणारी माणसे सगळीकडे भेटतात. घोड्यांच्या जगात हे सव्वाशे वर्षांचे दुखणे आहे. १९१० च्या सुमारास व्हिएन्नात घोड्याच्या लाळेत उत्तेजक शोधण्याची पद्धत निघाली. ऑलिंपिकमध्ये माणसांची अशी तपासणी १९६८ मध्ये सुरू झाली, म्हणजे घोडा आपल्याला या बाबतीत अर्ध्या शतकाहून सीनियर. त्याच १९६८ मध्ये केंटकी डर्बी जिंकलेल्या डान्सर्स इमेज या घोड्याच्या नमुन्यात वेदनाशामक सापडले आणि त्याचा पहिला नंबर काढून घेण्यात आला. वेदनाशामक औषधाने घोडा जास्त पळत नाही. दुखत असतानाही पळतो, आणि मग पाय मोडतो. लोकांची अक्कल तर खाण्याच्या सोड्यापर्यंत पोचली. शर्यतीआधी नळीने पोटात सोडा-साखरेचे पाणी सोडले, की रक्तातले आम्ल मारले जाते आणि थकवा लांबतो, असा हिशेब. त्यावर तोडगा म्हणून रक्तातला एकूण कार्बन डायऑक्साइड मोजू लागले. लिटरमागे ३६ मिलिमोलच्या वर गेला, की चौकशी. भजी हलकी करणाऱ्या पदार्थासाठी आंतरराष्ट्रीय मर्यादा ठरवावी लागते, यातच सगळे आले.

रेसकोर्सवर नमुना घेतला, की तो दोन भागांत सीलबंद होतो. एक तपासायचा, दुसरा वाद झाल्यास. आपल्या मैदानावर निशाण पडते, गुलाल उडतो, जिंकलेला बैल टेम्पोत चढतो. जनावराला अपायकारक औषध मुद्दाम देणे १९६० च्या कायद्यानेच गुन्हा आहे. पण तपासलेच नाही तर गुन्हा सापडणार कुठून? ज्याने वर्षभर इमानाने बैल सांभाळला त्याला सुईवाल्याकडून हरल्याचे कधी कळणारही नाही. त्या तरुणांना मी हेच सांगितले. रक्ततपासणी मागाच, पण बैल विकत घेताना भोवऱ्यासारखी मागू नका. फायनल जिंकणाऱ्या पहिल्या तीन गाड्यांच्या बैलांची, मैदानावरच, संयोजकांच्या खर्चाने मागा. चारचाकी बक्षीस देणाऱ्याला हा खर्च जड नाही.

त्याहून स्वस्त एक गोष्ट आहे. लांब पल्ल्याच्या घोडदौडीत प्रत्येक टप्प्यावर पशुवैद्य उभा असतो. घोडा आला, की ठराविक मिनिटांत त्याचे ठोके मिनिटाला ६४ पर्यंत किंवा खाली उतरले पाहिजेत. नाही उतरले, तर घोडा बाद, मग तो पहिला आलेला असो. याला प्रयोगशाळा लागत नाही, एक स्टेथोस्कोप आणि एक घड्याळ लागते. गट संपल्यावर अर्ध्या तासाने ज्या बैलाचे ठोके आणि धाप उतरलेली नाही, त्याला सेमीला सोडायचे नाही, एवढा एक नियम लावला तरी पुष्कळ काम होईल. बैलासाठी तो आकडा ६४ नसेल. तो खिलार बैलांवरच मोजून ठरवावा लागेल. आदत खोंडाचा वेगळा, जुळलेल्या बैलाचा वेगळा. उन्हाळ्यातला वेगळा, यात्रेच्या थंडीतला वेगळा.

हे काम करायला स्वीडनला जायला नको. सातारा जिल्ह्यातच शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय १९८८ पासून आहे. २०२२ मध्ये लम्पी आला तेव्हा बाजार आणि शर्यती बंद करून लसीकरण करण्याइतकी यंत्रणा सरकारने उभी केलीच होती. एका हंगामात चार-पाच मैदाने निवडायची, मालकांच्या संमतीने धावेआधी आणि धावेनंतर ठोके, ताप, लॅक्टेट आणि एक काचपट्टी घ्यायची. लॅक्टेट मोजायला मधुमेही माणूस घरी वापरतो तसल्या यंत्रावर एक थेंब पुरतो. बाकीचे नमुने बर्फाच्या डब्यात घालून पाठवायचे. पुसेगावहून शिरवळ शंभर किलोमीटरच्या आसपास आहे. दुपारच्या सेमीचे नमुने दिवे लागायच्या आत पोचतात.